कसबाचें माप कोणाच्या हातीं?

चाड्यावर मूठ धरणें सोपें आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें एकदां पाभरीमागें चालून पाहावें. बैलांची चाल आणि बियाण्याचा जाडबारीकपणा पाहून मुठींतून दाणे सोडावे लागतात. मूठ सैल सुटली तर पीक दाट, आवळली तर विरळ. आठ दिवसांनीं ओळी उगवून येतात आणि सारा गांव त्या बाईचे गुण शेतांत वाचतो. तरीही संध्याकाळीं तिच्या हातावर पडणारी मजुरी बैल हाकणाऱ्या गड्याहून कमीच. कारण काय, तर तिचें काम बिनकसबी! हा कोठला हिशेब?

एका धंद्याचें कसब दुसऱ्या धंद्याच्या कसबाशीं ताडतां येतें काय, हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे, तो पोटाचा आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालीं निघालेल्या दरपत्रकांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांवर मजुरी ठरत आली. २०१९ च्या वेतन संहितेंतही हे वर्ग आहेत, वर अतिकुशल हा आणखी एक. तेव्हां ज्याच्या हातीं माप, त्याच्या हातीं भाकर.

आतां तें माप पाहा. सरकारच्या २००४ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणांत कौशल्याच्या चार पायऱ्या केल्या, त्या शिक्षणाच्या वर्षांवर. १० वर्षांपर्यंतचें शिक्षण किंवा शाळेबाहेर मिळविलेलें कसब ही पहिली, ११ ते १३ वर्षें ही दुसरी, १४-१५ ही तिसरी, त्यापुढें चौथी. या हिशेबानें शेतमजूर पहिलीवर, शेतकरी, सुतार व लोहार दुसरीवर आणि आम्ही प्राथमिक शिक्षक तिसरीवर बसलों. मग कायदे करणारे, बडे अधिकारी आणि व्यवस्थापक कोठें? त्यांच्यापुढें पायरीच लिहिलेली नाहीं! ज्यांनीं सर्वांस मोजावयाचें, ते स्वतः मापाबाहेर.

आम्ही अध्यापक विद्यालयांत शिकलों. मुलांस गुण देण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं. गणिताचे ७० आणि चित्रकलेचे ७० यांची बेरीज कागदावर होते. पण दोन्ही सत्तर सारखे नव्हेत, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तेव्हां तापल्या पोलादाचा रंग पाहून तो क्षण धरतो. हा रंग ओळखण्यास त्यानें भात्यापाशीं वर्षेंच्या वर्षें काढलेलीं असतात. आमचीं शाळेचीं वर्षें मोजलीं, त्याचीं भात्याचीं कां सोडलीं?

कोणी म्हणेल, मग मोजूंच नये. तें आम्हांस मान्य नाहीं. माप नसलें कीं धन्याची मर्जी हेंच माप होतें. जुन्या गांवगाड्यानेंही धंदे ताडले होते. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन कासा असत. यादी गांवोगांव बदले. पण एका प्रसिद्ध मांडणींत सुतार, लोहार, महार, मांग हे थोरल्या कासेंत, तर भट आणि गुरव धाकट्या कासेंत येतात. शेतकऱ्याची नड हें तें माप. मात्र त्या मापानें खळ्यावर पेंढ्या मिळाल्या तरी मान मिळाला नाहीं, आणि काम जन्मानेंच गळ्यांत पडलें. तें माप परत नको.

मग करावें काय? १९७६ च्या समान वेतन कायद्यानें स्त्रीपुरुषांचें काम ताडतांना कौशल्य, श्रम आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी पाहावयास सांगितलें. हीच वाट धरावी. एका धंद्यांतलें कसब त्याच धंद्यांतल्या जाणत्यानें पारखावें. दोन धंदे ताडावयाचे तेव्हां चार प्रश्न पुसावे: शिकण्यास किती वर्षें लागलीं, मग तीं शाळेंत असोत कीं कामावर? अंगमेहनत किती? जिवाला धोका किती? चूक झाली तर नुकसान किती? उत्तरें अगदीं काट्यावर उतरणार नाहींत. परंतु शाळेच्या दाखल्यापेक्षां खरीं ठरतील.

आणि बंधूंनो, सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊं नये. चाड्यावरच्या बाईची मजुरी आपल्याच बांधावर ठरते. पुढल्या पेरणीला ती ठरवितांना हे चार प्रश्न आधीं तिला पुसा.