कोरं पान, पण रिकामं नाही!



या आठवड्याच्या टपालात चांदवडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. मुंबई-आग्रा रस्त्यावरून नाशिकहून मालेगावकडे जाताना लागतं ना, तेच चांदवड. होळकरांचा रंगमहाल तिथलाच, रेणुकामातेचं देऊळ तिथलंच आणि एके काळी जिथे रुपये पाडले जात ती चांदवडी टांकसाळही तिथलीच. आपली मैत्रीण आठवीत आहे. पत्र मात्र अगदी रडवेलं होतं. वाचा तर खरं:

‘काका, अहिल्यादेवींच्या जन्माला ३१ मे २०२५ ला ३०० वर्षं झाली, म्हणून आमच्या वर्गाला गावाच्या इतिहासाचा प्रकल्प दिला आहे. अट एकच, सहा पानांपेक्षा एकही पान जास्त नको. मी सगळं आईच्या मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये लिहिलं. छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर आठ पानं निघाली! तिसरं पान कोरं आणि आठवंही कोरं. दुकानातल्या दादाने खूप खटपट केली, पण ती पानं जाईनात. बाई म्हणतात, आठ म्हणजे आठ. आता मला दोन पानं कमी करावी लागतील. मी आजोबांची मुलाखत काढून टाकणार आहे, कारण ती बरोबर दोन पानांची आहे. आजोबांना अजून सांगितलेलं नाही.’

वाचलंत ना शेवटचं वाक्य? मी ताबडतोब निरोप धाडला: ‘थांब! आजोबांना हात लावू नकोस. फाइल पाठव आधी.’

तिने फाइल पाठवली. उघडून पाहिली तर प्रकल्प झकास जमलेला! रंगमहालाच्या लाकडी कोरीवकामाचे फोटो, चांदवडी रुपयाची माहिती, शेवटी सनावळीचा तक्ता. आणि सगळ्यांत छान काय होतं, सांगू? तीच आजोबांची मुलाखत! ते लहानपणी बैलगाडीतून बाजाराला कसे यायचे, रंगमहालाच्या आवारात कसे लपाछपी खेळायचे, हे सगळं त्यांच्याच शब्दांत. रंगमहालाची माहिती पुस्तकात मिळेल हो, पण आजोबांची लपाछपी कुठे मिळणार? आणि हे सगळं जाणार कशासाठी, तर दोन कोऱ्या पानांसाठी!

मग प्रश्न आला, की ही कोरी पानं येतात कुठून? आधी एक गोष्ट मनात पक्की करा. संगणकावरचं कोरं पान रिकामं कधीच नसतं. त्यावर काहीतरी असतंच. फक्त ते आपल्याला दिसत नाही. जे दिसत नाही ते पुसणार कसं? म्हणून आधी शोधायचं आणि मग पुसायचं.

आता थोडं मागे जाऊ या. तुमच्या आजी-आजोबांनी टंकलेखन यंत्र पाहिलं असेल. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतातलं पहिलं टंकलेखन यंत्र बनवलं. त्यावर एक ओळ संपली, की डावीकडची दांडी ओढायची. कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचा. कागदावर ठसा मात्र कसलाच उमटत नसे. आज आपण ‘एंटर’ची कळ दाबतो, ती त्याच दांडीची नात! फरक एवढाच, की टंकलेखन यंत्र ती ओढ विसरून जायचं, संगणक विसरत नाही. तुम्ही वीस वेळा एंटर दाबलंत, तर वीस न दिसणाऱ्या खुणा तो जपून ठेवतो.

पान बदलण्याचीही अशीच एक खूण आहे. १९६३ साली अमेरिकेत संगणकांसाठी अक्षरांना क्रमांक देणारी एक यादी ठरली. तिचं नाव ‘आस्की’. त्या यादीतला १२वा क्रमांक कुठल्याही अक्षराचा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की ‘छपाईयंत्रा, आता पुढचं पान घे’. आज इन्सर्ट यादीतून आपण ‘पेज ब्रेक’ घालतो, तो याच हुकमाचा वंशज. हुकूम दिसत नाही, पण पान बदलतंच!

आता पाहू या आपल्या मैत्रिणीचं तिसरं पान. घडलं होतं असं. दुसऱ्या पानावर रंगमहालाची माहिती पाऊण पानात संपली. ‘चांदवडी रुपया’ हे प्रकरण तिला नव्या पानावर हवं होतं. मग तिने काय केलं? एंटर, एंटर, एंटर… मथळा तिसऱ्या पानावर जाईपर्यंत दाबत राहिली. (खरं सांगा, तुम्हीही असंच करता ना?) दोन दिवसांनी तिने दुसऱ्या पानावर रंगमहालाचा आणखी एक फोटो घातला. फोटोने जागा घेतली आणि त्या एंटरच्या ओळी घसरल्या तिसऱ्या पानावर. आता मथळा पानाच्या मध्यावर आला. तो तिला आवडला नाही, म्हणून मथळ्याच्या आधी तिने पेज ब्रेक घातला. मथळा चौथ्या पानावर गेला आणि तिसऱ्या पानावर उरल्या नुसत्या एंटरच्या खुणा. झालं आपलं कोरं पान तयार!

मोबाइलवर हे तिच्या लक्षात का आलं नाही? कारण मोबाइलवर डॉक्स उघडलं, की लिखाण बरेचदा सलग दिसतं, पानं वेगळी दिसत नाहीत. तीन ठिपक्यांच्या यादीत ‘प्रिंट लेआउट’ असतं, ते चालू केलं की खरी पानं दिसतात. दुकानात जाण्याआधी एवढं नक्की करा!

आता उपाय. शक्यतो शाळेतल्या किंवा ओळखीच्या कुणाच्या संगणकावर बसा आणि क्रमाने पुढे चला.

पहिली पायरी : न दिसणारं दिसू द्या. वरच्या पट्टीतल्या ‘व्ह्यू’ यादीत ‘शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स’ असं लिहिलेलं आहे, त्यावर टिचकी मारा. आणि काय गंमत! कोऱ्या पानावर एकाखाली एक खुणा उभ्या राहतील. इंग्रजी ‘पी’ अक्षर आरशात पाहावं, तशी दिसणारी खूण म्हणजे एंटर. पेज ब्रेकचीही खूण दिसेल. घाबरू नका, या खुणा कागदावर छापल्या जात नाहीत.

दुसरी पायरी : जास्तीचे एंटर पुसा. मजकूर जिथे संपतो तिथे कर्सर न्या आणि ‘डिलीट’ची कळ एकेकदा दाबा. बोट दाबून धरू नका! घाईत पुढचा परिच्छेदही गायब होतो. झालाच, तर ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ एकदम दाबा, तो परत येईल. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तर ‘फाइल’ यादीतली ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा. जुनी प्रत तिथे सापडते.

तिसरी पायरी : पेज ब्रेक मोजा. एकाच जागी दोन पेज ब्रेक असतील, तर मधलं पान कोरं राहणारच. एक ठेवा, एक पुसा. ‘सेक्शन ब्रेक’ नावाचा त्याचा एक भाऊ आहे, तोही असंच करतो. त्याच्या अगदी आधी कर्सर ठेवून डिलीट दाबा.

चौथी पायरी : मथळ्याला विचारा. खुणा काहीच दिसत नाहीत, तरी मथळा हट्टाने नव्या पानावर उडी मारतो? मग मथळ्यावर कर्सर ठेवा. ‘फॉरमॅट’ यादीत ‘लाइन अँड पॅराग्राफ स्पेसिंग’ आहे, तिथे ‘अ‍ॅड पेज ब्रेक बिफोर’वर बरोबरची खूण असली तर ती काढा. परिच्छेदाच्या आधी किंवा नंतर भलतीच मोठी मोकळी जागा ठेवली असेल, तर तीही तिथेच कमी करता येते.

आता आठवं पान. हे जरा बेरकी प्रकरण होतं! तिथे एंटर होता फक्त एकच, पण तो काही केल्या जाईना. का? कारण सातव्या पानाच्या तळाशी सनावळीचा तक्ता अगदी काठोकाठ बसला होता. गूगल डॉक्सचा नियमच आहे, की तक्त्यानंतर एक तरी ओळ असलीच पाहिजे. ती पुसता येत नाही. तक्त्याने पान भरलं, की बिचारी ओळ पुढच्या पानावर जाऊन बसते. दुकानातला दादा हरला तो इथेच.

जी पुसता येत नाही, ती बारीक तर करता येते! त्या एकट्या ओळीवर कर्सर ठेवायचा आणि अक्षराचा आकार करायचा १. ओळीनंतरची मोकळी जागा असेल तर ती शून्य करायची. मुंगीएवढी ओळ तक्त्याच्या खाली सातव्या पानावरच मावली. आठवं पान गुल! तरीही मावली नाही, तर तक्त्यातल्या ओळींची उंची किंचित कमी करायची.

एक गोष्ट राहिलीच. ‘फाइल’ यादीत ‘पेज सेटअप’ उघडून कागदाचा आकार पाहा. अमेरिकेत चालतो तो ‘लेटर’ कागद २७९ मिलिमीटर उंच असतो, आपल्या दुकानातला ‘ए-फोर’ २९७ मिलिमीटर. फाइलमध्ये लेटर असेल, तर दर पानामागे पावणेदोन सेंटिमीटर जागा उगाच कमी होते आणि शेवटच्या दोन ओळींसाठी नवं पान लागतं. तेव्हा ए-फोर निवडा. हे मात्र लिहायला बसण्याआधीच करायचं काम, बरं का! नंतर बदललंत, तर फोटो आणि मथळे इकडेतिकडे सरकतात.

कुणी हुशार वाचक म्हणेल, ‘काका, एवढा खटाटोप कशाला? छापताना कोरी पानं वगळायची!’ तसं करता येतं खरं. छापण्याच्या खिडकीत हव्या त्या पानांचे आकडे देता येतात. पण मग पानांवर छापलेले क्रमांक येतील १, २, ४, ५… बाई विचारतील, ‘तिसरं पान कुठे हरवलं?’ आणि अनुक्रमणिकाही चुकेल. म्हणून दुखणं मुळापासूनच काढलेलं बरं.

आणि हो, प्रत्येक कोरं पान वाईट नसतं हं! जुन्या पुस्तकाच्या शेवटी कधी कधी कोरी पानं दिसतात. पुस्तक छापताना मोठ्या कागदावर बहुतेक १६ पानं एकदम छापतात, त्याला छापखान्यात ‘फर्मा’ म्हणतात. सहा फर्मे म्हणजे ९६ पानं. मजकूर ९४ पानांत संपला, तर दोन पानं कोरी राहणारच. ती चूक नव्हे, हिशेब आहे. कोरं पान का आलं हे ठाऊक असलं, म्हणजे ते ठेवायचं की काढायचं हे आपण ठरवू शकतो.

आपल्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? मी पायऱ्या लिहून पाठवल्या. तिने शाळेच्या संगणकावर बसून स्वतःच त्या केल्या. मी फाइलला हात लावला नाही, कारण प्रकल्प तिचा आहे! परवा तिचा दोन ओळींचा निरोप आला: ‘काका, बरोबर सहा पानं झाली. मुलाखत आजोबांना वाचून दाखवली, तर म्हणाले, बैलांची नावं राहिली. आता ती कुठे घालू?’

घाल गं बाई, घाल! दोन नावांना किती जागा लागते? पण मधे एंटर नको!

आई-बाबांसाठीही एक शब्द. मुलांच्या प्रकल्पात पानं जास्त झाली, की आपण पटकन म्हणतो, ‘अरे, थोडं काप.’ कापण्याआधी पाच मिनिटं मुलाशेजारी बसा आणि जागा नेमकी कशाने अडली आहे ते दोघं मिळून शोधा. पुष्कळदा त्याच्या मजकुराचा काहीच दोष नसतो.

करून पाहा : तुमच्या कुठल्याही जुन्या फाइलीत न दिसणाऱ्या खुणा दाखवायला सांगा आणि नुसत्या एंटरच्या ओळी किती आहेत ते मोजा. नवं पान हवं तिथे त्या सगळ्या पुसून ‘कंट्रोल’ आणि ‘एंटर’ एकदम दाबा. एकच पेज ब्रेक पडेल. वर कितीही फोटो घाला, मथळा पानाच्या माथ्यावरच राहील!

कुणाकडे किती एंटर निघाले ते जरूर कळवा. सर्वांत जास्त निघाले तरी लाजू नका. मी माझ्या फाइलीत मोजले, ते निघाले एकेचाळीस!

तुमचा,
संगणककाका