बाई, हिला वरचे दात का नाहीत?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. एक कारण गुडघे. दुसरं म्हणजे आमच्या घरात सध्या चालू असलेलं महाभारत. विषय ऐकाल तर हसाल. विषय आहे हाडं!

आमची नात यंदा आठवीत गेली. हिच्या वयाच्या मुली काय जमवतात मला ठाऊक नाही, आमच्या वेळी बांगड्यांच्या काचा आणि आगपेटीचे छाप जमवायच्या. ही हाडं जमवते. दोन वर्षं झाली. तिच्या खोलीत पुस्तकांचं जे काचेचं कपाट होतं, त्यातली पुस्तकं आता माझ्या पलंगाखाली आली आहेत आणि कपाटात हाडं गेली आहेत. सुरमईचे मणके, कोंबडीची छातीची आणि पायाची हाडं, गावच्या किनाऱ्यावर मिळालेलं समुद्रफेन (म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं, हलकं हाड, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं तेच), घोळ माशाच्या डोक्यातून निघालेले दोन पांढरे खडे आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे शेळीची अख्खी कवटी. ते पांढरे खडे माशाच्या कानातले असतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यात वर्तुळं असतात, त्यावरून माशाचं वय मोजतात, हे मला या वयात नातीनं शिकवलं. जन्मभर कोकणात मासे खाल्ले आणि हे खडे ताटाच्या कडेला काढून ठेवले!

तर महाभारत असं. दिवाळीत धाकट्या जाऊबाई आल्या होत्या. कपाट बघून त्या दारातच थबकल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो वहिनी, तुम्ही तरी समजवा तिला. घरात हाडं ठेवणं बरं नव्हे. मुलीची जात, उद्या लोक काय म्हणतील?" सूनबाईंच्या माहेरच्यांचंही साधारण हेच मत. आमचे चिरंजीव म्हणजे तटस्थ राष्ट्र. उरले मी. म्हटलं, तोंडी वाद घालण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहावं. नातेवाईक मंडळी हे वाचतातच, नाही म्हणत असली तरी.

आधी "घरात हाडं" या मुद्द्याबद्दल. जाऊबाई, रागावू नका, पण तुमच्या देवघरात शंख आहे ना? तो एका समुद्री गोगलगाईचा सांगाडाच की हो! आत प्राणी होता, तो मेला, त्याचं घर आपण धुऊनपुसून देवापुढे ठेवलं. तुळजाभवानीच्या गोंधळ्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ तीच गोष्ट. पूर्वी मुंजीत बटूला मृगाजिन लागायचं. जुन्या फोटोंतल्या बाळांच्या गळ्यात सोन्यात मढवलेली वाघनखं दिसतात. आमच्या घराची दारं करणारा सुतार जो सरस उकळायचा तो जनावरांच्या कातड्या-हाडांचाच. औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिन, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले बोन चायनाचे कप, गुलाबाला घालतो ते बोनमील... हाडं घरात नव्हती कधी? फक्त ती हाडासारखी दिसत नव्हती. आपल्याला हाडाचं वावडं नाही, हाड ओळखू येण्याचं आहे.

वासाचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. शेळीची मुंडी खाटकाकडून आणली तेव्हा झाकणाची बादली गच्चीत टाकीमागे महिनाभर होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना मी दोनदा चहा पाजला. पण त्या महिन्यात मी नातीची चिकाटी पाहिली. मांस साध्या पाण्यात हळूहळू कुजून सुटू द्यायचं. घाई करून उकळायचं नाही, नाहीतर चरबी हाडात मुरते आणि हाड ठिसूळ होतं. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढायची, पाणी गढूळ होईनासं होईपर्यंत. शेवटी औषधाच्या दुकानात मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साईड. ब्लीच नाही, त्यानं हाड भुसभुशीत होतं. सुटलेले दात आगपेटीत क्रमानं ठेवायचे. हातमोजे, तोंडाला फडकं. रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याला किंवा अचानक दगावलेल्या गुराला हात लावायचा नाही, कारण काळपुळीसारख्या रोगाचे जंतू वर्षानुवर्षं टिकतात. ज्या मुलीला स्वतःची चादर घडी करता येत नाही तिनं हे सगळं न सांगता केलं!

कवटी वाळली तेव्हा ती माझ्यासमोर धरून म्हणाली, "आजी, सांग बघू, हिला काय नाहीये?"

मी पाहिलं. वरच्या जबड्याला पुढे दातच नव्हते. दातांच्या खोबणीही नव्हत्या. आणि मंडळी, मी एकदम १९८४ सालात जाऊन पडले.

तेव्हा मी तालुक्याच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवत होते. पावसाळा नुकताच संपला होता. वर्गातला एक मुलगा, गावाबाहेरच्या वाडीतला, बुजरा, मागच्या बाकावरचा. त्या दिवशी तो दप्तराऐवजी पिशवी घेऊन आला आणि तास सुरू व्हायच्या आधी माझ्या टेबलापाशी आला. पिशवीतून त्यानं गुराची कवटी काढली. नदीकाठी सापडलेली, पांढरीशुभ्र. तेव्हा गिधाडं होती, मेलेलं जनावर बघता बघता साफ व्हायचं. तो म्हणाला, "बाई, हिला वरचे पुढचे दात का नाहीत? पडले म्हणावं तर भोकंपण नाहीत."

किती नेमका प्रश्न! नुसतं पाहिलं नव्हतं, पडताळून पाहिलं होतं. मला उत्तर येत नव्हतं. "मला माहीत नाही, विज्ञानाच्या सरांना विचारू" एवढं म्हणायला काय हरकत होती? मी म्हणाले, "शी! टाकून ये ते आधी. आणि हात धू. असले धंदे घरी करायचे."

वर्ग हसला. हसण्यात काय होतं ते सगळ्या वर्गाला कळलं, त्याला कळलं, आणि खरं सांगते, मलाही कळलं. मी न कळल्यासारखं केलं. तो कवटी घेऊन बाहेर गेला, हात धुऊन आला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. दहावी होईपर्यंत त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे कधीतरी आमच्या शाळेच्या शिपायानं सहज बोलता बोलता सांगितलं, की त्या मुलाच्या आजोबांनी गावची मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं होतं. सोडल्याबद्दल गावाचा रोषही सोसला होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणं आणि गावकीची हीन कामं सोडायला सांगितलं, हे मी शाळेत शिकले होते, मुलांना शिकवलंही होतं. ज्या कामातून आजोबांनी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली, ते काम मी नातवाच्या गळ्यात एका शब्दानं परत अडकवलं होतं. 'धंदे' हा शब्द. तोही कशाबद्दल, तर एक चांगला प्रश्न विचारल्याबद्दल!

म्हणून माझं मत असं बनलं आहे, की हाडांची किळस दिसते तेवढी साधी गोष्ट नाही. आपण नाकाला पदर लावू शकलो, कारण जनावर ओढणारे, सोलणारे, हाडं वेचून कारखान्याला वजनावर विकणारे हात दुसऱ्याचे होते. आपण त्या हातांनाच विटाळ म्हटलं. ही काही फार जुनी गोष्ट नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं थांबवलं, तेव्हा ती कोणी उचलायची हा प्रश्न सगळ्यांना पडला. आणि माझ्या नातीनं तेच हाड काचेच्या कपाटात ठेवलं तर तो छंद! तिला हा फरक मी सांगितला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मी हे बंद करू का?" मी म्हटलं, अजिबात नाही. तू तुझ्या हातानं धुतेस, दुसऱ्याला धुवायला लावत नाहीस, हे चांगलंच आहे. फक्त कपाटाची ऐट करू नकोस.

या छंदाला ज्ञानाची बाजूही आहे, आणि ती आपल्या पुण्यातच आहे. इनामगाव हे नाव तुम्ही ऐकलं असेल, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय पाळत होते, काय खात होते, हे तिथे सापडलेल्या हाडांच्या तुकड्यांवरून कळतं. पण जुना तुकडा ओळखायचा तर शेजारी ओळखीचं, आजचं हाड ठेवून ताडून पाहावं लागतं. मेंढी आणि शेळी यांची हाडं तर इतकी सारखी, की भले भले चकतात. गुजरातेत लांघणजला गेंड्याची हाडं सापडली, म्हणजे आज जिथे गेंडा नाही तिथे एके काळी तो फिरत होता. हाड नसतं तर हे कोणी सांगितलं असतं?

गिधाडांचंच बघा. १९९० नंतर आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. म्हणजे १९८४ मध्ये त्या मुलाच्या पिशवीतली कवटी इतकी स्वच्छ का होती, हीसुद्धा एक नोंदच होती. आणि मी ती टाकायला लावली.

पण नोंद हवी, हे महत्त्वाचं. चिठ्ठी नसलेलं हाड म्हणजे शोभेची वस्तू. कुठे मिळालं, कधी, कशाचं, कोणाकडून, हे लिहिलं की तेच हाड साक्षीदार होतं. चिठ्ठ्या लिहायचं काम नातीनं माझ्याकडे दिलं आहे, माझं अक्षर बरं म्हणून. 'शेळी, मादी, खाटकाकडून, पुणे' असं मी लिहिते. चाळीस वर्षं वह्या तपासल्या, त्याचा एवढा तरी उपयोग!

दुसरी अट कायद्याची, आणि ती मी कडक पाळायला लावते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या अनुसूचीतला प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता असतो, आणि ताब्यात आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. पहिल्यांदा हे ऐकून नात चिडली होती. गेल्या मे महिन्यात गावच्या किनाऱ्यावर तिला ऑलिव्ह रिडले कासवाची पाठ सापडली. केवढी मोठी! तिचे डोळे बघण्यासारखे झाले होते. ती घरी न्यायची नाही म्हटल्यावर रडली. मग आम्ही वनखात्याला फोन लावला. वनरक्षक आले, त्यांनी मापं घेतली, तिला टेप धरायला दिली. आता तिच्या कपाटात एका खणात नुसती चिठ्ठी आहे, हाड नाही: तारीख, जागा, लांबी आणि 'वनखात्याकडे'. माझ्या मते तिच्या संग्रहातली ती सगळ्यात चांगली वस्तू आहे.

शाळेत शिकवणारी बरीच मंडळी हे वाचतात, त्यांना एवढंच सांगणं. पोरानं पिशवीतून काही विचित्र काढलं तर 'टाकून ये' हे शब्द तोंडातून निघायच्या आत 'कुठे सापडलं रे?' असं विचारा. हात नंतरही धुता येतात.

आणि तो मुलगा... आता पन्नाशी ओलांडली असेल त्यानं. तो हे वाचत असेल असं नाही, पण उत्तर लिहून ठेवते. बाळा, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण यांना वरचे पुढचे दात नसतातच. तिथे घट्ट गादीसारखी हिरडी असते. खालचे दात तिच्यावर दाबून ते गवत तोडतात. तुझं बरोबर होतं, दात पडलेले नव्हते. चूक माझी होती.

असो. जाऊबाई पुढच्या महिन्यात पुन्हा यायच्या आहेत. त्या असतील तोवर कपाटावर चादर टाकू या, असं सूनबाई म्हणत होत्या. टाकायची नाही, असं मी आणि नातीनं ठरवलं आहे. काय होतं ते कळवीनच!