वहीतली मराठी

आमच्या महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर एक वैद्यकीय महाविद्यालय आहे. आम्ही मराठीचे प्राध्यापक. त्या वास्तूशी आमचा संबंध एरवी रक्तदाब तपासून घेण्यापुरताच. गेल्या पावसाळ्यात मात्र तिथली तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दोनशे पानी वही घेऊन आमच्याकडे आली. वॉर्डात नव्याने जाऊ लागलेल्या मुलांसाठी ती रुग्णांच्या बोलीचा संग्रह करीत होती. ठणका, कळ, चमक, चुरचुर, मुंग्या अशा वेदनेच्या नाना तऱ्हा डावीकडे, इंग्रजी संज्ञा उजवीकडे. 'अंगावर पांढरं जाणं' आणि 'अंगावरून वारं जाणं' यांना तिने लाल शाईने चौकट केली होती. पहिली स्त्रीची तक्रार, दुसरा पक्षाघात. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्या वाटेने परप्रांतातून आलेल्या मुलाच्या कानाला ही दोन्ही वाक्ये सारखीच.

ती स्वतः मराठी माध्यमातली. यकृत, प्लीहा, मज्जारज्जू हे सारे शाळेत पाठ, आणि तरी शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला आपल्याला काहीच येत नाही असे तिला वाटले होते. चाचणीत नापास झाल्यावर ती दोन दिवस खोलीबाहेर पडली नाही. तिच्या 'मेंटॉर' प्राध्यापकांच्या नोंदपत्रात त्या आठवड्यात 'भेट झाली' अशी सही आहे. दार प्रत्यक्षात वाजवले ते एक वर्ष पुढे असलेल्या मुलीने. तिने धीराचे शब्द फारसे सांगितले नाहीत म्हणे. हाडांचा संच मांडून बसली आणि एकेक हाड मराठीतून ओळखून घेतले.

२०१९पासून लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स आहे, त्यात स्थानिक भाषेलाही जागा दिली आहे. हे चांगलेच झाले. पण अशी भाषा तासिकेतून किती येते, हे आम्हां भाषाशिक्षकांना कुणी शिकवायला नको! ती येते मेसच्या रांगेत, रात्रपाळीच्या चहाबरोबर, ज्याला विचारायची लाज वाटत नाही अशा कुणाकडून तरी.

अर्थात 'सिनिअर' या शब्दाभोवती भाबडेपणाने आरती ओवाळायचे कारण नाही. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९मध्ये करावा लागला, तो उगाच नव्हे. 'ओळख करून घेतो' या तीन शब्दांआड काय काय झाले आहे, हे वसतिगृहात राहिलेला कुणीही सांगेल. म्हणूनच आमचा आग्रह असा की, जोड्या लावून देताना धाकट्याला नकाराची आणि जोडीदार बदलण्याची मुभा हवी, आणि थोरल्याच्या हाती हजेरी, शिक्षा, शिफारस यांपैकी काहीही नको. नोंदपत्रे तर नकोतच. सहीसाठी केलेली चौकशी समोरच्याला लगेच ओळखू येते.

त्या दिवशी वही मिटता मिटता तिने आम्हांला विचारले, "सर, 'जीव वरखाली होतो' म्हणजे नेमकं काय?" आम्ही तिघेजण होतो. एकाने धडधड म्हटले, दुसऱ्याने मळमळ, तिसऱ्याने काळजी. वाद बराच रंगला. तिने उजवीकडची जागा कोरी ठेवली आणि म्हणाली, "ज्युनिअरांना सांगते, पेशंटलाच पुन्हा विचारा."