घरांतला लवणसमुद्र

जंबुद्वीपाभोवतीं लवणसमुद्राचा वेढा आहे, असें आपलीं पुराणें सांगतात. आमच्या केनवडपासून तो वेढा चारशें किलोमीटरांच्या आसपास दूर. जवळचें खारें पाणी म्हणजे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें; तें इतकें क्षारयुक्त कीं, त्यांत मासा जगत नसे. अशा गांवीं माजघराच्या भिंतीशीं समुद्राच्या पाण्याचें कांचपात्र मांडावें, हा आमच्या धाकट्या नातवाचा हट्ट. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. तें आम्हीं शाळेच्या सहलींत पाहिलेलें होतें. तेव्हां मोह आम्हांसही आवरला नाहीं.

पहिला आक्षेप स्वयंपाकघरांतून आला. “अहो, वैशाखांत आपण हंडा हंडा मोजून वापरतों, आणि तुम्ही दोनशें लिटर पाण्यांत मीठ कालवून ठेवणार?” आक्षेप रास्त होता. म्हणून पात्र भर पावसाळ्यांत भरावें, आणि पाणी गाळण्याच्या यंत्रांतून वायां जाणारें पाणी भांड्यांस वापरावें, असें ठरलें.

आतां मिठाविषयीं. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. परंतु ते केवळ आपलें मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरेंचे क्षारही आहेत. म्हणून बाजारांत मिळणारें समुद्रक्षारांचें तयार मिश्रणच घ्यावें. आमचें पात्र तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच. त्यास साडेसहा किलोंच्या वर क्षार लागले. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ आलें म्हणजे समुद्र साधला. पुढें पाणी आटतें, पण क्षार आटत नाहींत. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्याची नव्हे.

आपल्या घरीं तांब्याच्या हंड्यांतलें पाणी पवित्र मानतात. परंतु तांबें पाण्यांत उतरलें तर समुद्रांतील झिंगे व तत्सम जीव मरतात. तांब्याचा हंडा व पितळी तोटी या कामांतून वर्ज्य समजावी. नळ्या, कोपरे, झडपा सर्व प्लॅस्टिकचे असावेत. आणि मीठ घालण्यापूर्वी एक अहोरात्र साधें पाणी खेळवून सांधे गळतात कीं काय, तें पाहावें.

नळांची रचना अशी. वरचें पात्र माशांचें, खालचें लहान पात्र पाणी शुद्ध करण्याचें. वरचें पाणी काठावरून नळीनें खालीं उतरतें. खालचा पंप तें दुसऱ्या नळीनें वर चढवितो. हें चक्र अखंड चालावें. परंतु वीज गेली म्हणजे? येथें आमची फजिती झाली. पाणी चांगलें घुसळावें म्हणून वर चढणाऱ्या नळीचें तोंड आम्हीं पृष्ठभागाखालीं सहा इंच ठेविलें होतें. एके रात्रीं वीज गेली, पंप थांबला, आणि तीच नळी वक्रनलिका होऊन पाणी उलट ओढूं लागली. आमच्या पात्रांतील एक इंच उंचीचें पाणी म्हणजे साडेदहा लिटर. सहा इंचांचें त्रेसष्ट. खालच्या पात्रांत जागा पंचवीस लिटरांची. उरलेले चाळीसेक लिटर माजघरांत पसरले, आणि खालच्या फळीवरील आमचें जुनें व्याकरणाचें पुस्तक भिजून गेलें. आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविलें, आणि हें साधें गणित आधीं मांडलें नाहीं! आतां नळीचें तोंड पृष्ठभागाखालीं इंचभरच आहे. वर एक बारीक भोंक पाडलें आहे. पाणी थोडें उतरतांच त्यांतून वारा शिरतो आणि ओढ तुटते. विजेची खोबणी पात्राहून उंच बसविली, हें सांगणें न लगे.

दुसरी चूक याहून जड. पाणी स्फटिकासारखें दिसतांच पांचव्या दिवशीं आम्हीं दोन मासे सोडले. आठवडा संपण्यापूर्वीं दोन्ही मेले. नातू एवढेंच म्हणाला, “आजोबा, पाणी तर स्वच्छ होतें ना?” स्वच्छ होतें, निर्विष नव्हतें. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया होतो. एक जातीचे सूक्ष्मजंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसरे त्याचें पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. हे जंतु दगडांवर व वाळूंत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पात्र रिकामें ठेवून पाणी तपासीत राहावें. आम्हांस उतावीळपणा नडला, आणि त्याचें मोल त्या मुक्या जीवांनीं दिलें. मुलाच्या उत्साहापुढें नाहीं म्हणण्याचें काम आमचें होतें.

त्यानंतर सहा आठवडे आम्ही दोघे रोज सायंकाळीं वहींत आंकडे लिहीत बसलों. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आलीं, तेव्हां विदूषक मासे म्हणतात त्यांची एक जोडी आणली. तीही समुद्रांतून धरलेली नव्हे, तर माणसाच्या देखरेखींत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें आपल्या देशांत ही पैदास साधली आहे. प्रवाळ व समुद्रघोडे यांचा मात्र मोह धरूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांस संरक्षण आहे.

आतां रात्रीं वीज गेली कीं, नातू आपण होऊन उठतो, बॅटरीवरचा वायुपंप लावतो, आणि मग निजतो. दोनशें लिटर पाण्याचा खर्च रास्त होता कीं नाहीं, याचा निकाल स्वयंपाकघरांत अजून लागलेला नाहीं. परंतु पात्रांत गोड्या पाण्याची भर घालण्याचें काम हल्लीं तेथूनच, न सांगतां, होत असतें.