रेकॉर्ड ढापू नका!

होस्टेलमध्ये कुणी चोरी करत नाही. इथे वस्तू ‘ढापली’ जाते! बादली ढापतात, चप्पल ढापतात, आणि जर्नल तर सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास. वाईट कुणालाच वाटत नाही, कारण बादली शेवटी वरच्या मजल्यावर सापडतेच. पण हाच न्याय पार्टीला आलेल्या डीजेच्या रेकॉर्डना लावायला माझा सपशेल विरोध आहे.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली डीजे पेनड्राइव्ह घेऊन येतात, रेकॉर्ड कसल्या? बहुतेक जण तसेच येतात, कबूल. पण व्हायनल वाजवणारे अजून आहेत आणि ते बिचारे खोकं उचलून आणतात. ऐंशी-एक रेकॉर्ड म्हणजे वीसेक किलो! त्यातली एक गेली तर काय बिघडलं?

त्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागेल. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या बिल्डिंगमध्ये एका मुलीने पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, याने गाणी लावली. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. गाण्यातला नुसत्या ड्रम्सचा तुकडा आला की पब्लिक खरं नाचतं, हे हर्कने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. आता सांगा, त्यातली एक कुणी ढापली तर उरलेलीचं काय करायचं? गाणं आहे, पण खेळ खलास.

हर्क आपल्या रेकॉर्डची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. बाकीच्या डीजेंनी डोकावून नाव वाचू नये म्हणून! तो मूळचा जमैकाचा, आणि तिथले साउंड सिस्टिमवालेही आधीपासून लेबलं खरवडायचे. डोकं भारी, पण हा इलाज नाव चोरणाऱ्यावर. रेकॉर्डच उचलली तर लेबल नसल्याने तुमचीच पंचाईत, ती तुमची हे सिद्ध कसं करणार? लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत नंबर कोरलेला असतो, पण तो एका बॅचच्या सगळ्या कॉपींवर सारखाच. म्हणून माझ्या मते उलट करावं : लेबलावर ठसठशीत नाव लिहावं. कव्हरवर लिहून उपयोग नाही, कव्हर बदलायला दोन सेकंद पुरतात. (जाता जाता मेकॅनिकलवाल्यांसाठी : ३३⅓ आरपीएमला एक फेरा १.८ सेकंदांचा. रेकॉर्डवर आडवा ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदांनी ‘टक्’ होतं. मालकाला आपली टक् बरोबर ओळखू येते!)

रेकॉर्ड जाते कधी? गाणी चालू असताना कमी. लाइट लागतात, डीजे वाकून वायरी गुंडाळत असतो, आणि दहा जण ‘सर, मदत करू?’ म्हणत खोक्याभोवती जमतात, तेव्हा. दुसरी वेळ फर्माइशीची. एक जण डीजेला बोलण्यात गुंतवतो, दुसरा ‘नुसतं बघतोय’ म्हणत खोकं चाळतो.

मी डीजे असते तर सर्वांत दुर्मिळ रेकॉर्ड घरीच ठेवली असती. लॅपटॉपमधली फाइल रेकॉर्डसारखी हाताने फिरवता येईल अशी टाइमकोडवाली रेकॉर्ड मिळते, ती चोरून कुणाला काही मिळत नाही, तिच्यात गाणंच नसतं. पण हे झालं पाहुण्याचं काम. आपलं काय?

कल्चरल कमिटीला माझं म्हणणं असं : खोकं स्टेजवर, भिंतीला लागून, डीजेच्या मागे ठेवा. एक व्हॉलंटियर फक्त खोक्यासाठी नेमा, आणि त्याला नाचायला सोडू नका. हे काम वॉचमनकाकांवर ढकलू नका, त्यांना गेट असतं. वाजत असलेल्या रेकॉर्डचं कव्हर खोक्यात आडवं ठेवायला सांगा, म्हणजे शेवटी कुठलं रिकामं राहिलं ते लगेच दिसतं. आल्यावर डीजेसमोर मोजा, निघताना परत मोजा, आणि आकडा जुळेपर्यंत हॉलचं दार उघडू नका. रेक्टरसरांनी त्यासाठी रात्री पंधरा मिनिटं वाढवून द्यावीत, ही नम्र विनंती.