गॅस संपत नाही, बॉस!

मे महिन्यात आमच्या परभणीत पारा ४२ अंशांच्या पुढे! अशात आईबाबांच्या जुन्या एसीचा गॅस दरवर्षी ‘संपतो’ आणि मेकॅनिक म्हणतो, ‘भरून देतो की!’ पण बॉस, गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, तो गळतो. आउटडोअर युनिटच्या प्लेटवर ‘आर-२२’ लिहिलंय? मग तो ओझोनचा थर खातो, शिवाय तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १८०० पट जास्त पृथ्वी तापवतो. १९८७च्या मॉन्ट्रियल करारामुळे २०२५पासून भारतात या गॅसचे नवे एसी बनत नाहीत. म्हणून यंदा मी एसी बदलतोय. अट एकच: जुना काढताना गॅस हवेत सोडायचा नाही, सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. दुकानदार कुरकुरेल, तरी तुम्हीही सांगाच!