पाणमांजरांसाठी काठ मोकळा सोडा



सिंधुदुर्गातल्या पाणमांजरांविषयी पुण्याहून पत्र लिहितो आहे, कारण हा प्रश्न पुणेकरांचाही आहे. तिकडच्या खाड्यांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या रिसॉर्टांचे आणि सुट्टीच्या घरांचे गिऱ्हाईक आपणच असतो. ‘खाडीला लागून प्लॉट’ अशी जाहिरात वाचून आपण विसार देऊन येतो आणि मग प्लॉटची पाण्याकडची बाजू चिऱ्याने नाही तर काँक्रीटने बांधून घेतो. पाणमांजराचे घर असते ते नेमके त्याच बाजूला.

मालवणी मुलखातली जुनी माणसे या प्राण्याला ऊद म्हणतात. भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. त्यांतली मऊ, आखूड केसांची जात खाड्यांत आणि खारफुटीत कुटुंबाने राहते. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन दहा किलोच्या आसपास भरते आणि मुख्य अन्न मासे. मासे पाण्यात मिळतात, पण बाकीचा सगळा संसार काठावर चालतो. बीळ काठाच्या मातीत किंवा मुळांच्या पोकळीत असते, पिल्ले तिथेच वाढतात. पाण्यातून बाहेर आल्यावर वाळूत, गवतात लोळून केस कोरडे करावे लागतात. विष्ठेच्या जागाही ठरलेल्या असतात आणि त्या वासावरून एका कुटुंबाला दुसऱ्याचा पत्ता लागतो. मातीचा उतार तोडून तिथे उभी भिंत घातली, तर पाण्यात मासे कितीही असोत, पाणमांजराला ती जागा सोडावी लागते.

म्हणूनच ‘खारफुटी वाचली की पाणमांजर आपोआप वाचेल’ हे मला पटत नाही. खारफुटीसाठी महाराष्ट्राने खरोखर मोठे काम केले आहे. उच्च न्यायालयाचे 2005 आणि 2018 चे आदेश आहेत, खारफुटीभोवती 50 मीटरचा पट्टा राखण्याचे बंधन आहे, 2012 पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. पण आपला हिशेब झाडांपाशी थांबतो. राज्यात 324 चौरस किलोमीटर खारफुटी असल्याचे 2021 च्या वनस्थिती अहवालाने सांगितले, ते उपग्रहाला वरून दिसलेले झाडांचे छत्र. झाडे संपतात तिथला चिखल, वाळूचा दांडा, खाजणाचा जुना बांध हे त्या आकड्यात येत नाही आणि बांधकामाला परवानगी मागताना कुणाच्या बोलण्यातही येत नाही. गोव्यात चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी आणि मातीचे बांध घातलेली खाजणे शेजारी शेजारी आहेत आणि पाणमांजरे दोन्हीकडे वावरतात. माणसाने घातलेल्या बांधाचे त्यांना वावडे नाही. बांध मातीचा असावा आणि वर चढता यावे, एवढे त्यांना पुरते.

खारे पाणी अडवले नाही तर भातशेती बुडते, हे मला माहीत आहे. समुद्र ज्या वस्तीची जमीन खातो आहे तिथे धूपप्रतिबंधक बंधारा झालाच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो गरज नसताना, फक्त पाण्यावर बसायला अंगण मिळावे म्हणून घातलेल्या भिंतींना.

मच्छीमारांचे गाऱ्हाणेही खरे आहे. पाणमांजर जाळे फाडते, अडकलेला मासा नेते, आणि ते नुकसान हातावर पोट असलेल्या माणसाचे होते. जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने 2018 मध्ये आणली. पाणमांजराने फाडलेल्या खाडीतल्या जाळ्यालाही तशी भरपाई मिळाली पाहिजे. ती न देता मच्छीमाराला वन्यजीव कायदा ऐकवणे अन्यायाचे आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. इंदापूर परिसरात अलीकडे युरेशियन जातीचे पाणमांजर सापडले आणि त्याला सुखरूप पुन्हा निसर्गात सोडण्यात आले. इंदापूर उजनी धरणाच्या पाणलोटाला लागून आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि पुण्याचे सांडपाणीही याच वाटेने तिथे पोहोचते. म्हणजे पुण्याच्या पाण्यावर पाणमांजर जगते आहे. असे असताना सुमारे 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात आपण काय करतो आहोत? मातीचे उतार आणि काठावरची झाडे काढून बांधीव काठ करतो आहोत. नदीपाशी लोकांना बसता-फिरता यावे ही इच्छा रास्त आहे, पण त्यासाठी दोन्ही काठ सलग बांधून काढायची गरज नाही. सिंगापूरने बिशान भागातला कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडला आणि 2012 पर्यंत तिथे 3.2 किलोमीटरची वळणावळणाची, गवताळ काठांची नदी केली. पुढे दोनच वर्षांत त्या उद्यानात पाणमांजरे राहायला आली. ती आपल्या खाड्यांतल्याच जातीची आहेत. तिथे माणसेही रोज फिरतात आणि पुराचे पाणीही पसरायला जागा मिळते.

महापालिकेने प्रकल्पाच्या उरलेल्या टप्प्यांत मातीचा काठ आणि त्यावरची झाडे जशी आहेत तशी ठेवावीत. वन विभागाने सिंधुदुर्गाच्या खाड्या आणि उजनीचा पाणलोट इथल्या पाणमांजरांच्या बिळांची व वावराच्या जागांची पाहणी करावी आणि बांधकामाची परवानगी देण्याआधी ती पाहणी विचारात घेणे सक्तीचे करावे. बिळांच्या नेमक्या जागा मात्र जाहीर करू नयेत, शिकाऱ्यांना त्या आयत्या मिळतील. आणि कोकणात खाडीकाठी जागा घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की कुंपण पाण्यापर्यंत नेऊ नका, पाण्याकडची बाजू बांधू नका.

एक वाचक,
एरंडवणे, पुणे